शिरोलीतलं मशीन शॉप आणि दोन कर्णबधिर मुलं

नमस्कार. तुमचा प्रश्न असा की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे, ३५ माणसं आहेत, दिव्यांगांना कामाला लावून देणाऱ्या एका संस्थेनं दोन कर्णबधिर मुलं सुचवलीत. घ्यावीत का, आणि पुढं काही बिनसलं तर निस्तरायचं कुणी? मी अकरा वर्षं संस्थेच्या बाजूनं हेच काम केलंय, म्हणून जरा लांबड लावतो.

घ्या. पण बायोडाटा बघण्याआधी संस्थेच्या माणसाला अर्धा दिवस शॉपवर बोलवा. त्यानं मशीनपाशी उभं राहून काम बघायचं, कुठं कुठं ऐकू यावं लागतं ते टिपून घ्यायचं. चहा पिऊन, फोटो काढून जाणारा निघाला तर तिथंच राम राम करा.

गोकुळ शिरगावला आम्ही एक पोरगा तपासणीच्या टेबलावर लावला होता. गो-नो-गो गेज (माप बरोबर की चूक एवढंच सांगणारं साधन) लावायचं, नापास कास्टिंगवर खडूनं फुली मारायची. हाताला एकदम साफ. पण चार दिवस त्यानं चहाच घेतला नाही. आम्हाला वाटलं, बुजलाय. खरी गोष्ट अशी, की चहाचा भोंगा त्याला ऐकूच येत नव्हता आणि मान वर करेपर्यंत सगळे परत आलेले असायचे. इलेक्ट्रिशियननं भोंग्याच्या लाईनवर एक लाल दिवा जोडून दिला. मिटलं.

माझी चूकही सांगतो. दुसऱ्या एका कारखान्यात पोलिओ झालेला एक मुलगा लावला. काम बसून करायचं, पगार बरा, मी खूश. संडास मागच्या बाजूला सात पायऱ्या चढून होता, ते मी बघितलंच नव्हतं. पोरगा दिवसभर पाणी प्यायचा नाही. बाराव्या दिवशी आलाच नाही. मालक म्हणाले, 'ह्यांना टिकायचंच नसतं.'

म्हणून संस्थेकडून लिहून घ्या: पहिले तीन महिने आठवड्याला एक फेरी, फोन उचलणारा एक ठरलेला माणूस, आणि तुमच्या सुपरवायझरला कामापुरत्या वीस-पंचवीस खुणा शिकवणं. पगार मात्र संस्थेच्या हातात देऊ नका, थेट मुलांच्या खात्यावर, बाकीच्यांइतकाच. ईएसआयची (कामगार विम्याची) महिन्याची पगारमर्यादा इतरांना २१,००० आहे, दिव्यांगांना २५,०००, हे तुमच्या अकाउंटंटला सांगून ठेवा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलेलं नसेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, संस्थेनं घेऊन जायचं, तुम्ही नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं खाजगी मालकावर आरक्षणाची सक्ती नाही. पण २० किंवा जास्त कामगार असले की समान संधी धोरण लेखी लागतं, त्यात संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही येते. तुम्ही ३५ आहात, म्हणजे ही मुलं घेतली नाहीत तरी ते लागणारच.

कोल्हापूरला हे काही नवं नाही. नसीमा हुरजूक यांनी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था इथं १९८४ साली सुरू केली, त्या स्वतः व्हीलचेअरवर. शिकलेली, तयार मुलं इथं आहेत. अडतं ते शॉपच्या दारात.

आणि हो, तुमच्याकडं फोर्कलिफ्ट फिरते का? मागून दिलेला हॉर्न त्यांना कळणार नाही. टेबल असं फिरवून घ्या, की पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याकडं.