हिरडीची ग्राफ्ट सहाव्या दिवशी पांढरी पडली आहे, ती फेल गेली का?

तुम्ही लिहिलंय की खालच्या समोरच्या दातांखाली टाळूचा तुकडा लावून सहा दिवस झालेत. आज आरशात तो पांढरट, बुळबुळीत दिसला आणि कडेने सालपट निघतंय. म्हणून चार गोष्टी विचारल्यात: ग्राफ्ट फेल गेली का, जेवण आणि ब्रश नीट कधी सुरू होईल, दाताचं उघडं मूळ पूर्ण झाकलं जाईल का, आणि डॉक्टर म्हणतात तसं वरच्या सुळ्याचंही करून घ्यावं का. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण माझ्या दोन्ही प्रकारच्या ग्राफ्ट झाल्या आहेत, आधी तुमच्यासारखीच खाली आणि नंतर वरच्या सुळ्याला. दोन्ही वेळा माझ्या पेरिओडॉन्टिस्टनी, म्हणजे हिरड्यांच्या डॉक्टरांनी, कागदावर चित्र काढून सगळं समजावलं होतं. त्या आधारावर सांगते.

आधी तुमच्या भीतीचं. सहाव्या दिवशी पांढरट दिसणं आणि साल निघणं हे या काळात होतंच. टाळूवरून तुकडा काढला की त्याचा रक्तपुरवठा त्या क्षणी तुटतो. नव्या जागी शिवल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याच्यात रक्त खेळत नाही, खालच्या जखमेतून जो द्रव झिरपतो त्यावरच तो तग धरतो. मग खालून बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरायला लागतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत रक्ताभिसरण जुळून येतं. तोवर सगळ्यात वरचा थर, जो रक्तापासून सगळ्यात लांब असतो, मरतो आणि गळून जातो. तुम्हाला दिसतंय ते हेच. ते गळालं की खाली लालभडक, कच्चं दिसणारं मांस दिसेल आणि पुन्हा पोटात गोळा येईल. तेही ठीक आहे. तो लाल रंग पुढच्या काही आठवड्यांत निवत निवत गुलाबी होतो.

डॉक्टरांना आजच्या आज फोन करायचा तो या गोष्टींसाठी: बोलताना तुकडा ओठाबरोबर सरकतोय असं जाणवणं, सगळा तुकडा काळपट होऊन सुटा लोंबणं, तीन दिवसांनंतर सूज उतरायच्या ऐवजी चढणं, ताप, पू, किंवा दाबून धरूनही न थांबणारं रक्त. एखादा टाका सुटून दोरा जिभेला लागत असेल तर तो ओढू नका आणि घरच्या कात्रीने कापूही नका.

आणि कृपा करून खालचा ओठ ओढून बघणं आजपासून बंद करा. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतेय. त्या जागी ओठाचे आणि हनुवटीचे स्नायू हिरडीच्या अगदी जवळ चिकटलेले असतात. बऱ्याच जणांना तिथे ग्राफ्ट करावी लागते तीच मुळात ओठाला हिरडीशी जोडणारी पातळ पट्टी हिरडीला खाली ओढत असते म्हणून. तुम्ही ओठ खाली केला की नुकत्या शिरलेल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर दाखवायला रोज फोटो काढणं हा ग्राफ्टशी वैर धरण्याचाच प्रकार आहे. बघायचंच असेल तर डॉक्टर बघतील. मी पहिले काही दिवस शाळेतून रजा घेतली होती ती दुखतं म्हणून कमी आणि वर्गात तोंड भरून बोलावं लागतं म्हणून जास्त.

टाळूबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण खरा त्रास तिथेच असतो हे आधी कोणी नीट सांगत नाही. तुमच्या प्रकारच्या ग्राफ्टमध्ये टाळूचा वरचा थरसुद्धा काढतात, त्यामुळे तिथे उघडी जखम राहते. गरम वरणाचा थेंब लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. जखमेवर पिवळसर पांढरा पापुद्रा धरतो. तो पू नसतो, खरवडू नका. तो जखमेचं झाकणच आहे. दोन ते चार आठवड्यांत टाळू भरून येतो. डॉक्टरांनी प्लास्टिकची पारदर्शक प्लेट दिली असेल तर जेवताना ती घालाच, घास जखमेला घासत नाही. टाळूतून अचानक रक्त आलं तर चुळा भरत बसू नका, चुळा भरल्या की झालेली गुठळी निघून जाते. स्वच्छ गॉज ओला करून घडी करा, बोटाने टाळूवर घट्ट दाबा आणि पंधरा-वीस मिनिटं मध्ये न उचलता धरून ठेवा. तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठा. मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त जास्त वाहतं. मात्र कोणाला हृदयासाठी ती गोळी रोज चालू असेल तर ती स्वतःहून बंदही करू नये, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

जेवणाचं सांगायचं तर पहिले दोन दिवस थंड आणि पातळ, नंतर दोन आठवडे मऊ आणि कोमट. आपल्याकडे याची चिंता नाही: दहीभात, नाचणीची आंबील, गुरगुट्या भात, मुगाची सरबरीत खिचडी, मऊ शिरा, कुस्करलेलं केळं. फक्त फोडणी घालू नका. मोहरीचा एक दाणा टाक्याखाली जाऊन बसला की तो जिभेने काढताही येत नाही आणि ब्रश तर बंद असतो. माझ्या खिचडीत जिऱ्याची पूड आणि तूप एवढंच असायचं. तीळ, खसखस, शेंगदाण्याचं कूट, चिवडा, डाळिंब, टोमॅटोच्या बिया या सगळ्यांना तेच लागू. भाकरी आणि कडक पोळी महिनाभर तरी समोरच्या दातांनी तोडू नका. दुधात कुस्करून खा, बाजूच्या दातांनी चावा. स्ट्रॉने ओढून पिणं नको, जोरात थुंकणं नको.

ब्रश: शस्त्रक्रिया झालेल्या जागी साधारण दोन ते चार आठवडे नाही, बाकीच्या दातांना नेहमीसारखा करायचा. तुमचा नेमका दिवस डॉक्टरच सांगतील, टाके काढताना विचारा. तोवर त्या जागेची स्वच्छता क्लोरहेक्सिडीनवर, म्हणजे जंतुनाशक माउथवॉशवर, असते. खळखळून चूळ भरायची नाही. औषध तोंडात घ्यायचं, मान हलकेच या बाजूला त्या बाजूला कलती करायची आणि बेसिनवर तोंड उघडून सोडून द्यायचं. टूथपेस्टनंतर अर्धा तास तरी जाऊ द्या, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो. दातांवर तपकिरी डाग पडतील, जेवणातलं मीठ लागेनासं होईल. चव परत येते आणि डाग डॉक्टर पॉलिश करून काढतात.

आता घरच्यांचे सल्ले. लवंगेचं तेल, तुरटीच्या गुळण्या, हळदीचा लेप, तिळाच्या तेलाच्या गुळण्या, यातलं काहीही कच्च्या ग्राफ्टवर नको. आणि मिश्री तर अजिबातच नको. आमच्याकडे अजूनही घरात कोणीतरी मिश्रीची डबी बाळगून असतं आणि दात दुखतो म्हटलं की प्रेमाने पुढे करतं. ती भाजलेली तंबाखूच आहे. निकोटिनने रक्तवाहिन्या आक्रसतात, आणि ज्या तुकड्याचा जीव नव्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून आहे त्याला हे परवडत नाही. सिगारेट, गुटखा, तपकीर सगळं त्यातच आलं. मधुमेह असेल तर या आठवड्यांत साखर काटेकोर सांभाळा.

मूळ पूर्ण झाकलं जाईल का, हा तुमचा तिसरा प्रश्न. याचं उत्तर बरंचसं ऑपरेशनच्या आधीच ठरलेलं असतं. उघड्या मुळाला स्वतःचं रक्त नसतं. मुळावर पसरलेल्या ग्राफ्टच्या भागाला रक्त मिळतं ते दोन्ही बाजूंच्या हिरडीतून. म्हणून दोन दातांमधलं हाड आणि तिथली टोकदार हिरडी शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा धरता येते. ती झिजली असेल तर जगातल्या उत्तम सर्जनकडूनही थोडंच झाकलं जातं. मिलर या हिरडीतज्ज्ञांनी १९८५ मध्ये याच आधारावर हिरडी उतरण्याचे चार वर्ग पाडले: पहिल्या दोन वर्गांत पूर्ण झाकणं शक्य, तिसऱ्यात अर्धवट, चौथ्यात अपेक्षा ठेवू नये. आता बरेच डॉक्टर कायरो यांची २०११ ची आरटी-१, आरटी-२, आरटी-३ ही विभागणी वापरतात, आकडा जितका मोठा तितकी दोन दातांमधली झीज जास्त. तुमच्या केसपेपरवर यातलं काहीतरी लिहिलेलं असेल, ते वाचा.

पण तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे. खालच्या समोरच्या दातांना टाळूचा पूर्ण थर लावतात तेव्हा बहुतेक वेळा मूळ झाकणं हा पहिला हेतू नसतो. पातळ, सैल हिरडीच्या जागी जाड, घट्ट पट्टा तयार करायचा, म्हणजे ती आणखी खाली उतरणार नाही, हा हेतू असतो. म्हणून यशाचं माप तेच धरा. हा तुकडा आवळतो, साधारण पाव ते तिसरा हिस्सा कमी होतो. डॉक्टरांनी तो मुद्दाम मोठा लावलेला असतो. पहिल्या महिन्यात तो लहान होताना दिसला तर जीव खालीवर करू नका. उलट पुढच्या वर्षभरात काही जणांची हिरडी कडेने आपणहून थोडी वर सरकते, मिलीमीटरभर. सगळ्यांना हे होतं असं नाही, पण त्यामुळेच निकालाचा फोटो तीन महिन्यांनी काढायचा आणि शेवटचा वर्षाने.

रंगाबद्दल स्पष्ट बोलते. लावलेला तुकडा टाळूचाच रंग घेऊन येतो आणि तो तसाच राहतो. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या हिरड्या तपकिरी, सावळ्या असतात. तिथे फिकट गुलाबी ठिगळ उठून दिसतं. माझं आजही दिसतं, ओठ खाली केला तरच. बोलताना, हसताना खालची हिरडी कोणाला दिसत नाही, म्हणून मला त्याचं काही वाटत नाही. थंड पाण्याची सणक कमी होते, पण मूळ जितकं उघडं राहील तितकी ती राहू शकते. त्यासाठी सेन्सिटिव्हिटीची पेस्ट किंवा दवाखान्यातलं फ्लोराइड वार्निश असतं, त्याला ग्राफ्टचं अपयश म्हणायचं कारण नाही.

वरच्या सुळ्याचं गणित वेगळं आहे, कारण तो हसताना दिसतो. तिथे सहसा टाळूच्या आतला थर काढून तुमच्याच हिरडीखाली सरकवतात आणि हिरडी खाली, दाताकडे ओढून शिवतात. वरची कातडी तुमचीच राहते, त्यामुळे रंग जुळतो. टाळूची जखमही टाके घालून बंद करता येते आणि त्रास बराच कमी होतो. गालाला सूज मात्र जास्त येते, माझा गाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चांगलाच सुजला होता. दातांमधलं हाड चांगलं असेल तर या पद्धतीत सरासरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे मूळ झाकलं जातं.

तरीही लगेच होकार देऊ नका. सुळ्याची हिरडी किती मिलीमीटर उतरली आहे ते आज मोजून लिहून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या. आकडा वाढला असेल, हिरडी कागदासारखी पातळ असेल, सणक जात असेल किंवा दातांना तारा लावायच्या असतील तर करून घ्या. वर्षानुवर्षं ती तिथेच थांबली असेल, दुखत नसेल आणि दिसायला तुम्हाला खटकत नसेल तर फक्त लक्ष ठेवणं हाही रीतसर उपचार आहे. करायचं ठरलंच तर टाळूची ही बाजू आतून पुरती भरायला दोन-तीन महिने द्या, किंवा दुसऱ्या बाजूने तुकडा घेता येईल का ते विचारा. खर्चामुळे अडत असेल किंवा दुसरं मत हवं असेल तर मुंबईत नायर दंत महाविद्यालय, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय अशा ठिकाणी हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो.

आणि टाके काढायला जाल तेव्हा तुमचा रोजचा ब्रश सोबत न्या. हिरडी कशाने उतरली हे त्याचे केस बघून डॉक्टरांना पुष्कळदा कळतं. केस बाहेर फाकलेले असतील तर आडवा, जोरात घासायचा हात आहे. तो हात बदलला नाही तर सुळ्याला लावलेली ग्राफ्टही त्याच वाटेने जाईल. खालच्या जागी ब्रश सुरू करायची परवानगी मिळाली की अगदी मऊ केसांचा नवा ब्रश घ्या आणि तो हिरडीकडून दाताकडे कसा फिरवायचा ते त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा.