नव्या सेक्रेटरीला

अभिनंदन! मुलुंडला आमच्या सोसायटीत अकरा वर्षं मी सेक्रेटरी होतो, म्हणून हक्काने सांगतो. कारभार हाती घेताना मिनिट बुक, मेंबर रजिस्टर, बँकेची पासबुकं आणि एफडीच्या पावत्या यादी करून, जुन्या कमिटीच्या सहीनिशी घे.

कोणी हिशेब मागितला की आपल्यावर संशय घेतला असं वाटतं. मलाही वाटायचं. टाकीच्या दुरुस्तीची बिलं दाखवायला मी एका काकांना टाळाटाळ केली. बिलं चोख होती, तरी पुढे दोन वर्षं जिन्यात कुजबुज चालू राहिली. ती चूक माझीच. ऑडिट झालेला ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त पाहणं हा तर सभासदाचा कायद्याने दिलेला हक्क आहे, तुझी मेहरबानी नव्हे. मग मी दर महिन्याचा जमाखर्च नोटीस बोर्डावर लावू लागलो आणि दारावरच्या चौकश्या आपोआप कमी झाल्या.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, चौदा दिवस आधी नोटीस देऊन. यात कुचराई नको.

पुनर्विकासाचा विषय निघाला तर जास्त सांभाळ. बिल्डरला एकट्याने भेटू नकोस, चहालासुद्धा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासासाठीच्या सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. ते नीट करून घे. आणि विरोधात बोलणाऱ्या आजींचं म्हणणं इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिही.