एलिमेंटरीला सी ग्रेड आली, आता पुढे?

‘मॅडम, सी ग्रेड आली म्हणजे हातात कला नाहीच ना? मग इंटरमिजिएटला बसवून नववीचं वर्ष कशाला घालवायचं?’

आई विचारत होती आणि मुलगा शेजारी बसून शर्टाचं बटण फिरवत होता. एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी त्याने रंगपेटी माळ्यावर टाकली होती. वडिलांनी हिशोबही मांडला होता. त्यापुढच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आली तर दहावीत ७ वाढीव गुण, बीला ५, सीला ३. याला फार तर ३ मिळणार, त्यासाठी इतके रविवार कशाला द्यायचे?

दरवर्षी निकालानंतर हा प्रश्न घेऊन पालक येतात. मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

‘कुठला पेपर अवघड गेला?’ हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती-अक्षरलेखन असे चार पेपर असतात, पण हातात पडते ती एकच ग्रेड. चारांपैकी कुठे घसरलो हे त्या एका अक्षरावरून मुलाला कसं कळणार?

‘भूमितीत शाई पसरली,’ तो म्हणाला. ‘ती निस्तरण्यात वेळ गेला. अक्षरलेखनाला हातच लागला नाही.’

‘आणि स्मरणचित्र?’

‘ते बरं झालं होतं.’

मी कोरा कागद पुढे केला. म्हटलं, शाळेत येता-जाता जे दिसतं ते काढ. पंधरा मिनिटांत त्याने एसटी स्टँड काढला. डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई होती. गाडीचे प्रमाण चुकले होते, पण बाईची मान बोचक्याच्या बाजूला किंचित कलली होती आणि दुसरा हात तोल सावरायला बाहेर आला होता. हे कुणी शिकवत नाही, ते बघावं लागतं. मला फार आनंद झाला आणि तो मी त्याच्यापासून लपवला नाही.

मग आईंना आत बोलावून तो कागद दाखवला. इंटरमिजिएटला वस्तूंमागे कापडाच्या चुण्या येतात, साध्या भूमितीबरोबर घनभूमिती येते. एलिमेंटरीत कच्चं राहिलेलं तिथे अडतं, म्हणून आधी ते भरून काढायचं. रविवारी घड्याळ लावून भूमितीच्या दोन आकृत्या, शाईसकट. रोज संध्याकाळी वीस मिनिटं स्वयंपाकघरातली एक वस्तू. महागडा क्लास नको, शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना दर आठवड्याला वही दाखवायची.

वडिलांसाठीही निरोप दिला. पुढे बीएफएला, म्हणजे कलेच्या पदवीला जायचं ठरलं, तर प्रवेश बारावीनंतरच्या सीईटी या प्रवेश परीक्षेवर होतो आणि तिथेही वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र काढावंच लागतं. आज पक्का होणारा हात तेव्हा कामाला येईल. आणि नाही गेला कलेकडे, तरी पोर जेवण विसरून चित्रं काढत बसतं, तो आनंद त्याच्याकडून हिरावून घेऊ नका. दहावीच्या वर्षात त्याला तोच सावरेल.

दोन महिन्यांनी तो वही घेऊन आला. तांब्याचा तांब्या, मागे आईची निळी साडी. ‘तांब्याच्या पोटात साडीचा निळा दिसतो,’ तो म्हणाला, ‘पण आई म्हणते नाही दिसत. तुम्ही या बाजूनं बघा.’

मी खुर्ची सरकवून त्याच्या बाजूला बसले.