प्रश्नोत्तरे : विदेशी व्यापाराचे उदारीकरण आणि सोलापूरचा टॉवेल

प्रश्न : सोलापुरात आमचे यंत्रमाग आहेत, टॉवेल आणि चादरी हा आमचा पिढीजात धंदा. एकामागून एक देशांशी मुक्त व्यापार करार होत असल्याचे वाचनात येते. विदेशी व्यापाराचे उदारीकरण म्हणजे नेमके काय, आणि त्यामुळे बाहेरचा स्वस्त माल येऊन आमचे माग बंद पडतील का?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : देशादेशांतील व्यापारावर सरकारांनी घातलेली बंधने नियमांच्या चौकटीत आणि टप्प्याटप्प्याने कमी करणे, याला उदारीकरण म्हणतात. ही बंधने मुख्यतः तीन प्रकारची असतात : आयात शुल्क, किती माल येऊ द्यायचा याचा कोटा आणि आयातीचा परवाना. तपासण्या आणि मानके यांचाही अडथळा होऊ शकतो, पण तो वेगळा विषय आहे. सर्वच बंधने काढून टाकलेला देश जवळजवळ नाही, म्हणून सीमा सताड उघडल्या जातील ही धास्ती प्रथम बाजूला ठेवावी.

आपल्याकडे हे काम १९९१ च्या जुलैपासून जोमाने सुरू झाले. त्यापूर्वी काही वस्तूंवरील आयात शुल्क ३०० टक्क्यांहूनही अधिक होते. त्या वर्षी कमाल दर १५० टक्क्यांवर आणला गेला आणि २००७-०८ पर्यंत बिगरशेती मालावरील सर्वसाधारण कमाल दर १० टक्क्यांपर्यंत उतरला. मात्र सर्व वस्तूंना एकच न्याय लावला गेला नाही. यंत्रसामग्री आणि कच्चा माल यांच्या आयातीवरील परवाने आधी सुटले, तर ग्राहकोपयोगी वस्तूंवरील उरलेली बंधने, म्हणजे अखेरच्या ७१५ वस्तूंवरील, १ एप्रिल २००१ रोजी उठली. हा क्रम मला योग्य वाटतो, कारण उत्पादकाला आधी चांगली यंत्रे आणि स्वस्त कच्चा माल मिळाला, तरच पुढे तयार मालाची स्पर्धा त्याला पेलवते.

तुमच्या धंद्याला याहून जवळचा इतिहास कोट्याचा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १९४७ मध्ये भारतासह २३ देशांनी शुल्क व व्यापारविषयक सर्वसाधारण करारावर, म्हणजे गॅटवर, सह्या केल्या. एका देशाला दिलेली सवलत सर्व सदस्य देशांना द्यावी, हे त्याचे मूळ तत्त्व होते. परंतु कापडाच्या बाबतीत श्रीमंत देशांनीच ते बाजूला ठेवले. १९७४ पासून बहुतंतू करारान्वये विकसनशील देशांतून येणाऱ्या कापडावर आणि कपड्यांवर देशवार कोटे लावले गेले. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाल्यावर दहा वर्षांत ते हटवायचे ठरले आणि १ जानेवारी २००५ रोजी ते संपले. म्हणजे उदारीकरणाने आपल्या मालापुढचा अडसरही दूर केला. अर्थात तोच अडसर चीनपुढचाही दूर झाला, आणि मोठ्या क्षमतेच्या कारखान्यांना त्याचा लाभ लवकर उठवता आला.

आता द्विपक्षीय करारांकडे वळू. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून, तर ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या करारात भारतीय कापडावरील शुल्क रद्द करण्याचे ठरले आहे. याउलट, आशियातील ‘आरसेप’ या मोठ्या करारातून भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेर पडला. करार न करण्याचीही किंमत असते. बांगलादेशाचा टॉवेल अल्पविकसित देशांसाठीच्या सवलतीमुळे युरोपीय संघात शुल्काविना पोहोचत आला आहे, आपल्या टॉवेलला मात्र शुल्क भरावे लागत आले आहे. दर्जा बरोबरीचा असूनही तेवढ्या फरकाने मागणी हातची जाऊ शकते.

तरीही तुमची भीती निराधार नाही. उदारीकरणाचा लाभ लाखो ग्राहकांत थोडाथोडा वाटला जातो, तोटा मात्र एखाद्या शहरातील एखाद्या धंद्यावर एकवटतो. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे इतर ठिकाणच्या मालाला ते नाव लावता येत नाही, पण स्वस्त मालाची आयात त्याने अडत नाही. त्यासाठी करारातच संवेदनशील, म्हणजे शुल्कसवलत न देण्याच्या किंवा कमी देण्याच्या, वस्तूंची यादी, शुल्ककपातीचे टप्पे आणि माल कोणत्या देशात तयार झाला हे ठरवणारे नियम असावे लागतात. बाहेरचा माल त्याच्या मूळ देशातील भावाहूनही स्वस्तात इथे ओतला जाऊन उत्पादकांचे नुकसान होत असेल, तर मूल्यावपातनविरोधी (अँटी-डम्पिंग) शुल्कही लावता येते. मात्र ते शुल्क सुतावर लागले, तर सूत उत्पादकाचे संरक्षण होऊन विणणाऱ्याचा खर्च वाढतो. म्हणून कोणत्याही कराराची बातमी वाचताना येणाऱ्या सुतावरचे, येणाऱ्या टॉवेलवरचे आणि त्या देशात तुमच्या टॉवेलवरचे शुल्क किती बदलते, हे पाहावे आणि तुमच्या संघटनेने करारापूर्वीच्या विचारविनिमयात या तिन्हींविषयी लेखी मत मांडावे.

प्रश्न : मग कांद्यावरील निर्यातबंदी या नियमांत कशी बसते?
– एक शेतकरी, बार्शी

उत्तर : अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी करण्यास गॅटच्या अकराव्या कलमात मुभा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये घातलेली बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण सोबत प्रतिटन ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य (याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) आणि ४० टक्के निर्यात शुल्क आले. ते शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणे रद्द झाले. नियमांत बसत असले, तरी असे वारंवार बदलणारे धोरण मला अन्यायकारक वाटते, कारण परदेशी खरेदीदार एकदा दुसऱ्या देशाकडे वळला, की त्याला परत आणण्याचा भार सरकारवर नव्हे, तर शेतकऱ्यावर आणि व्यापाऱ्यावर पडतो.