काळ्या मातीत गुरांचा काटा
भाऊ, गुरं तोलायचा वजनकाटा घ्यायचा म्हणतोस, पण दोन-चार गायींसाठी घेऊच नको, मोजायच्या टेपनं भागते. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सगळं इंचात, भागिले ६६०. अंदाजे किलो निघतात.

घ्यायचाच तर १ टनाचा घे. म्हैस ५०० किलोची असली तरी चढताना आदळते, तो झटका लोडसेल, म्हणजे काट्याखालचा वजन मोजणारा भाग, खाते. हलत्या जनावराचं वजन धरून ठेवायची सोय इंडिकेटरमध्ये, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या डब्यात, हवीच.

खरी गोची काट्याखालच्या पायाची. आपली कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते अन् काटा तिरपा होतो. माती काढून मुरूम भर, धुम्मस कर, वर काँक्रीट टाक. लेव्हल लावून चारही कोपरे बघ. मग न फोडलेली ४५ किलोची युरियाची गोणी एकेका कोपऱ्यावर ठेव. चारही ठिकाणी आकडा सारखा यायला पाहिजे. नाही आला तर आधी खाली खडा किंवा शेण अडकलं का ते पाह्य. काट्यावरच्या कठड्याचा पाईप भिंतीला टेकू देऊ नको, वजन चुकते.

वायर पाईपातून ने, उंदीर सोडत नाहीत. वर रबरी चटई टाकून शून्य कर. वजन सकाळी, चारा-पाण्याआधी. काट्यावर विक्री करणार असशील तर वैधमापनाचा, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का लागतेच.