पाहुणे थंडीला भिऊन येत नाहीत

नाशिक

प्रिय मित्रा,

या मोसमापासून नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात लोकांना हिवाळी पाहुणे पक्षी दाखवणार आहेस, म्हणून हे पत्र.

पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार, "हे इथं का येतात?" तिकडे थंडी असते म्हणून, हे उत्तर देऊ नकोस. बदकाच्या पिसांत हवा कोंडलेली असते, थंडी त्याला सोसते. सोसत नाही ती उपासमार. मंगोलिया, तिबेटकडची तळी गोठली की खाणं बर्फाखाली जातं. त्यावर एखादं चुणचुणीत पोर म्हणेल, मग इथंच का राहत नाहीत? नाशिकचा जूनमधला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. मंगोलियात तो सोळाच्या आसपास जातो, आणि त्या वेळी तिथं किडे मुबलक. पिल्लं वाढवायला तीच जागा बरी.

निघायचा इशारा मात्र बर्फ पडायच्या आधीच मिळतो, लहान होत जाणाऱ्या दिवसांतून. मग खादाडी सुरू होते. एक ग्रॅम पिष्टातून चार कॅलरी मिळतात, चरबीतून नऊ. शिवाय चरबी जळताना पाणीही तयार होतं. प्रवासाची शिदोरी म्हणून चरबीच का, ते इथं कळतं.

वाट सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांवरून सापडते. पण दिशा कळणं वेगळं आणि ठिकाण कळणं वेगळं. हॉलंडमध्ये पकडलेले हजारो स्टार्लिंग (आपल्या भोरडीचे भाऊबंद) स्वित्झर्लंडला नेऊन सोडले होते. तो प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाला. जाणते पक्षी वळून नेहमीच्या मुक्कामाकडे गेले. पहिल्या वर्षाची पोरं जुन्याच दिशेनं सरळ उडत राहिली आणि काही थेट स्पेनला पोचली.

पट्टकादंब (हिमालय ओलांडून येणारा रानहंस) दिसला की डोक्यामागचे दोन काळे पट्टे आधी दाखव, हिमालय नंतर. 'एव्हरेस्टवरून उडतो' हे वाक्य टाळलेलं बरं. यंत्र लावून मोजलेल्या पक्ष्यांत ७,२९० मीटरची नोंद आहे, पण त्यांचं बहुतेक उडणं साडेपाच हजारांच्या खालीच, दऱ्याखोऱ्यांचा चढउतार धरून होतं. विरळ हवेत त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट पकडतं, ही खरी करामत.

आता नोंदवहीचं. ऑक्टोबरात आलेले नर बदक माद्यांसारखेच मातकट दिसतात, कारण विणीनंतर त्यांनी पिसं बदललेली असतात. रंगावर विसंबलास तर फसशील. चोच बघ: थापट्या बदकाची पुढे चमच्यासारखी पसरट. तलवार बदकाची ओळख लांब, सडपातळ मानेवरून पटते.

मोजणी डावीकडून उजवीकडे. आधी दहा पक्षी खरेच मोज, तेवढा तुकडा डोळ्यात बसला की तोच पुढे सरकवत ने. मध्येच दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) आला आणि थवा उठला तर आकडा खोडून पहिल्यापासून मोज. उठलेले पक्षी पुढच्या टप्प्यात उतरतात आणि दोनदा धरले जातात. वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांच्या बाबतीत ही चूक हमखास होते. (कपाळावरच्या पांढऱ्या टिळ्यामुळे हे नाव त्याला शोभतं!)

सर्वांत जास्त विसरली जाते ती पाण्याची पातळी. वरच्या गंगापूर, दारणा धरणांचं आवर्तन सुटलं की इथली पातळी बदलते. शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांना तळापर्यंत मान पोचावी लागते, म्हणजे पाणी हातभरच हवं. पाणी चढलं की ती काठाच्या गवतात किंवा दुसऱ्या उथळ जागी सरकतात. तुझ्या मनोऱ्यासमोर शुकशुकाट दिसतो, आणि गावभर होतं की यंदा पक्षी कमी आले. म्हणून एक ठरलेला दगड किंवा खांब निवड आणि पाणी त्याच्या कुठवर आलंय ते तारीख-वेळेखाली रोज लिही.

पहिला पक्षी कधी आला हे सगळे लिहितात. शेवटचा कधी गेला हे त्या दिवशी कुणालाच कळत नाही. आठवडाभर दिसला नाही की मागे वळून पाहावं लागतं. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये एखादी पक्ष्याची जात दिसली नाही तर तिच्यापुढे शून्य लिही, रकाना कोरा ठेवू नकोस. कोऱ्या रकान्यावरून पक्षी नव्हता की तू गेला नव्हतास, हे पुढं तुलाही सांगता येणार नाही.

पहिल्या महिन्याची पानं भरली की पाठव.