वाचकांचे प्रश्न : ‘हायड्रो’ची पावडर आणि पाणी

प्रश्न : आमचा सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत सूत रंगवण्याचा छोटा कारखाना आहे. व्हॅट रंगांसाठी लागणारी ‘हायड्रो’ची पावडर पन्नास किलोच्या लोखंडी ड्रममध्ये येते आणि रंगाचे नमुने तपासण्याच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेतही तिची एक बाटली असते. मागच्या पावसाळ्यात एका ड्रमच्या झाकणाखाली पावडरीचे खडे झाले होते, उग्र वास येत होता आणि ड्रम हाताला कोमट लागत होता. कामगारांनी खडे फोडून ती पावडर वापरून टाकली. हे योग्य होते का? आमच्याकडे वाळूच्या बादल्या आहेत. आग लागल्यास त्या पुरेशा आहेत का?

उत्तर : ते योग्य नव्हते, आणि या पावडरीसाठी वाळूच्या बादल्या पुरेशा नाहीत. दोन्ही उत्तरांमागचे कारण एकच असल्यामुळे ते थोडे विस्ताराने सांगतो.

आपण ज्याला हायड्रो म्हणता ते सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजेच सोडियम डायथायोनाइट होय. व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाहीत. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात हायड्रो त्यांचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करते, तेव्हा ते विरघळून सुतात शिरतात, आणि पुढे हवेने किंवा पेरॉक्साइडने त्यांचे पुन्हा ऑक्सिडीकरण झाले की धाग्यातच पक्के बसतात. सोलापुरी चादरीचा रंग वर्षानुवर्षे धुऊनही टिकतो, त्यात या रंगांचा मोठा वाटा आहे. मात्र ऑक्सिजन ओढून घेण्याचा जो गुण रंगाच्या टाकीत उपयोगी पडतो, तोच ड्रममध्ये घातक ठरतो. दमट हवा किंवा पाण्याचे चार थेंब पावडरीत शिरले की तिथे ऑक्सिडीकरण सुरू होते व उष्णता निर्माण होते. पावडरीच्या ढिगातून ही उष्णता सहजासहजी बाहेर पडत नाही. आतला भाग तापत जातो, आणि सुमारे ९० अंश सेल्सिअसच्या पुढे पावडर स्वतःच विघटित होऊ लागते. या विघटनातूनही उष्णता आणि सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. एकदा हा टप्पा गाठला की पुढच्या विघटनाला बाहेरच्या हवेची गरज उरत नाही. म्हणूनच मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ही पावडर ‘आपोआप पेट घेणारे पदार्थ’ या ४.२ क्रमांकाच्या वर्गात असून तिचा संयुक्त राष्ट्रसंघाचा क्रमांक १३८४ आहे. आपल्या ड्रमवरील लेबलावर हा क्रमांक छापलेला असायला हवा.

यावरून लक्षात येईल की कोमट लागणारा, उग्र वासाचा ड्रम ही नुसती माल खराब झाल्याची खूण नव्हती. आत अभिक्रिया सुरू झाली होती. अशा वेळी पहारीने खडे फोडल्यास घर्षणाची भर पडते, ताजी दमट हवा आत जाते आणि कामगाराचे तोंड नेमके वायूच्या झोतावर येते. २१ एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या लोडाय या गावी नॅप टेक्नॉलॉजीज या कारखान्यात हायड्रोसल्फाइट आणि ॲल्युमिनियमची पूड मिसळण्याच्या यंत्रात पाणी शिरले. मिश्रण तासन्‌तास तापत राहिले, त्यातून वायू सुटत राहिला, आणि ते यंत्र रिकामे करण्यासाठी कामगार पुन्हा आत गेले असताना स्फोट झाला. पाच कामगार मृत्युमुखी पडले. आपल्याकडे ॲल्युमिनियमची पूड नसेल, तरीही तापलेल्या भांड्याजवळ ते रिकामे करायला परत जाऊ नये, हा नियम आपल्या ड्रमलाही तंतोतंत लागू पडतो. पुन्हा असे आढळल्यास सर्वांना वारा जिकडून येतो त्या बाजूला बाहेर काढावे, ड्रमचे झाकण घट्ट आवळू नये, १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे आणि रसायनाच्या नावाबरोबर १३८४ हा क्रमांकही सांगावा.

आता आगीविषयी. आपल्या मनात रुजलेले दोन्ही नियम इथे उलटे पडतात. पावडर पाण्याने पेटते म्हणून आगीवर पाणी नको, असे वाटते. आणि आग हवा तोडल्याने विझते म्हणून वाळू टाकावी, असे वाटते. पण या पावडरीला जळण्यासाठी हवा लागत नसल्यामुळे वाळू, फेस किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर यांनी तिची आग गुदमरत नाही; वाळूखाली ती जळतच राहते. तिच्यावर उपाय म्हणजे भरपूर पाणी. पाणी इतके हवे की पावडर पूर्ण विरघळून जाईल आणि सगळी उष्णता पाणीच शोषून घेईल. बादलीभर पाणी आग वाढवील, पाइपाची अखंड धार ती थांबवील. एक-दोन बादल्या ओतून पाहू, हा विचार म्हणूनच सर्वांत धोक्याचा आहे. सोलापुरात नळाचे पाणी काही दिवसांआड येते हे आपण जाणताच; तेव्हा हायड्रो साठवणाऱ्या प्रत्येक कारखान्याने रंगकामाच्या पाण्यापासून वेगळी, कधीही रिकामी होऊ न देण्याची टाकी, पंप आणि होज पाइप ठेवलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. हा खर्च कारखानदार टाळतात आणि जिवाची जोखीम कामगाराच्या वाट्याला येते. विझवताना वाहून जाणारे पाणी आम्लधर्मी व सल्फाइटयुक्त असते. ते नाल्यात जाऊ न देता अडवण्याची सोयही आधीच करावी.

साठवणुकीबाबत : उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली तापमान त्याहूनही अधिक असते; सप्टेंबरमध्ये तेच पत्रे गळतात. दोन्ही ऋतूंचा विचार करून ड्रम पक्क्या छताखाली, भिंतीपासून सुटे, लाकडी फळ्यांवर ठेवावेत आणि वरून पाण्याची नळी जात नाही हे पाहावे. महिन्याला लागेल तेवढाच माल घ्यावा व आधी आलेला आधी वापरावा. माप कोरडेच असावे. रंगाच्या टाकीतून काढलेला ओला मग तसाच ड्रममध्ये बुडवण्याची सवय अनेक ठिकाणी असते, आणि ती तातडीने थांबवायला हवी. हायड्रोजन पेरॉक्साइड, ब्लिचिंग पावडर, सोडियम नायट्राइट यांसारखे ऑक्सिडीकारक पदार्थ वेगळ्या खोलीत ठेवावेत. धुलाईनंतर वापरले जाणारे ॲसिटिक ॲसिडही दूर ठेवावे, कारण आम्ल लागताच हायड्रोतून सल्फर डायऑक्साइड सुटतो. हा वायू हवेपेक्षा दुपटीहून अधिक जड असल्याने खड्ड्यांत आणि टाक्यांच्या तळाशी साचतो. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका अगदी थोड्या प्रमाणानेही आवळली जाते. साधा एन-९५ मास्क पावडरीची धूळ अडवतो, वायू अडवत नाही. वायूसाठी आम्लवायूंचे कार्ट्रिज बसवलेला मास्क लागतो.

जमिनीवर सांडलेली पावडर ओल्या फडक्याने पुसू नये. ती कोरड्या, ठिणगी न उडवणाऱ्या सुपलीने उचलावी व वजनाच्या किमान पाचपट पाण्यात थोडी थोडी टाकून विरघळवावी. पावडर पाण्यात टाकायची असते, पाणी पावडरीवर ओतायचे नसते. हे काम उघड्या हवेत करावे आणि द्रावण सांडपाणी प्रक्रियेकडेच पाठवावे. उचललेली पावडर कचऱ्याच्या पिंपात किंवा परत ड्रममध्ये टाकू नये. अंगावर पावडर पडल्यास आधी ती कोरडीच झटकावी आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवून डॉक्टरांकडे जावे. वायू छातीत गेलेल्या माणसाला मोकळ्या हवेत आणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि त्याला बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : माझे यजमान रंगकामाच्या कारखान्यात काम करतात. पांढऱ्या टॉवेलला दुसऱ्या कपड्याचा रंग लागला तर तो घालवण्यासाठी त्यांनी थोडी हायड्रो पावडर प्लास्टिकच्या पिशवीत घरी आणून ठेवली आहे. ती न्हाणीघरात ठेवली तर चालेल का? (एक गृहिणी, सोलापूर)

उत्तर : चालणार नाही, कृपया ती घरातच ठेवू नका. डाग जातो हे खरे आहे, परंतु न्हाणीघर ही घरातील सर्वांत दमट जागा असते आणि तिथेच संडास साफ करण्याचे ॲसिड व कपड्यांचे ब्लिच ठेवलेले असते. यांपैकी कशाशीही या पावडरीचा संपर्क आला तर लहानशा बंद खोलीत विषारी वायू भरतो. शिवाय ही पावडर दिसायला मीठ किंवा धुण्याच्या सोड्यासारखीच असते, आणि पिशवीवर नाव नसते. कोणी ती चुकून गिळल्यास उलटी करवू नका. चूळ भरायला लावून पिशवीसह लगेच रुग्णालयात न्या. सध्या घरात असलेली पिशवी गाठ न सोडता कोरड्या डब्यात ठेवून यजमानांकरवी कारखान्यात परत पाठवा. मोरीत टाकून वरून तांब्याभर पाणी ओतण्याचा मोह टाळा.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या प्राथमिक चाचणीसाठी हीच पावडर वापरतात. बाटली वर्षभर उघडझाप होत असते. काही अडचण आहे का?

उत्तर : आगीचा धोका इतक्या कमी प्रमाणात मर्यादित असला, तरी तुमच्याकडे दुसरा धोका आहे. या चाचणीत हायड्रोसल्फाइट रक्तातील हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेते, आणि सिकल हिमोग्लोबिन असल्यास ते न विरघळता द्रावण गढूळ होते. दमट हवेने पावडरीची शक्ती गेली असेल, तर ऑक्सिजन पुरेसा निघत नाही, द्रावण स्वच्छ राहते आणि आजार असूनही अहवाल ‘नाही’ असा येतो. बाटली आल्याबरोबर पावडर घट्ट झाकणाच्या लहान कुप्यांत विभागून, आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवावी व एका वेळी एकच कुपी उघडावी. प्रत्येक कुपीवर ती उघडल्याची तारीख लिहावी, खडे झालेली कुपी बाद करावी, आणि रोजच्या चाचण्यांबरोबर आधीच निदान झालेला एक सिकलसेलचा व एक निरोगी नमुना तपासावा. सिकलसेलचा ज्ञात नमुना गढूळ झाला नाही, तर त्या दिवसाचा एकही अहवाल देऊ नये.